दगडावरचं नाव आणि वहीतलं नाव

“आमचे खापरपणजोबा लखनऊला वारले, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची कबर सापडेल का? आणि सापडली, तर तिच्यावरून नवं काय कळणार?”

घराण्याचा इतिहास शोधू पाहणारा माणूस कधी ना कधी या प्रश्नाशी येऊन थांबतो. काही जण तर सुट्टी काढून थेट कब्रस्तानच गाठतात. दिवसभर गवतातून हिंडतात, एक फोटो काढतात आणि परत येतात. फोटो दिवाणखान्यात लागतो, पण वंशावळ होती तिथेच राहते. पूर्वजांच्या थडग्यांवरून घराणं कसं उलगडतं आणि कुठे अडतं, हे पाहायला लखनऊच्या हजरतगंजइतकी सोयीची जागा क्वचित मिळेल. राजाची कबर, मृतदेहाविना लागलेल्या स्मृतिशिला, वेढ्यात घाईने पुरलेली माणसं आणि ज्यांना कबरही मिळाली नाही असे शेकडो शिपाई, हे सगळं तिथे दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे.

१. गंजच्या आसपास

हजरतगंज ही लखनऊची मोठी बाजारपेठ. तिथे संध्याकाळी उगाच फेरफटका मारण्याला स्थानिक लोक ‘गंजिंग’ म्हणतात. अवधचे बादशाह अमजद अली शाह (कारकीर्द १८४२ ते १८४७) यांना लोक ‘हजरत’ म्हणत, त्यावरून बाजाराला हे नाव पडलं. त्यांची कबर याच बाजारात, सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. इमामबाडा मुलाने, म्हणजे वाजिद अली शाह यांनी पुरा केला. दुकानांच्या गर्दीत त्याची कमान पटकन नजरेत भरत नाही.

बाजाराच्या पश्चिम अंगाला, मोठ्या टपाल कचेरीजवळ, १८६० सालचं क्राइस्ट चर्च आहे. तिथून आणखी पश्चिमेला रेसिडेन्सीचे, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या वसतिस्थानाचे, भग्नावशेष लागतात. पूर्वेला शाह नजफ इमामबाडा आणि त्याच्या शेजारी सिकंदरबाग. शाह नजफमध्ये बादशाह गाजीउद्दीन हैदर आणि त्यांच्या बेगमा आहेत. शहराच्या आग्नेयेला ला मार्टिनिएर शाळेच्या तळघरात तिचा संस्थापक क्लॉड मार्टिन पुरलेला आहे.

२. दगड काय सांगतो

बऱ्या स्थितीतल्या थडग्यावर साधारणपणे नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि वय एवढं मिळतं. नशीब असेल तर वडिलांचं नाव, जन्मगाव आणि दगड कोणी बसवला तेही असतं. शोधकाच्या दृष्टीने यात वय सगळ्यात कामाचं. समजा, दगडावर ‘मृत्यू २० ऑगस्ट १८५७, वय ३४ वर्षं ५ महिने १२ दिवस’ असं कोरलंय. आधी ३४ वर्षं मागे जायचं : २० ऑगस्ट १८२३. मग ५ महिने : २० मार्च १८२३. मग १२ दिवस : ८ मार्च १८२३. जन्मतारीख हाती आली, आता कोणत्या चर्चच्या कोणत्या सालच्या बाप्तिस्मा-नोंदी पाहायच्या ते ठरलं. मात्र ‘वयाच्या ३४व्या वर्षी’ असं लिहिलेलं असेल तर पुरी झालेली वर्षं ३३ असतात. एका वर्षाच्या या फरकामुळे माणूस चुकीच्या रजिस्टरात महिनोन् महिने डोकं घालून बसू शकतो.

दगडावरचा मजकूर मेलेल्या माणसाचा नसतो, मागे राहिलेल्यांचा असतो. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचं नाव घालायचं आणि कोणत्या आत्याचं गाळायचं हे जसं घरातले कर्ते ठरवतात, तसंच हे. त्यामुळे थडग्यावर कोण आहे हे पाहून झालं की कोण नाही हेही पाहावं लागतं.

क्लॉड मार्टिनने तर स्वतःचा मजकूर स्वतःच ठरवून ठेवला होता. १७३५ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जन्म, हिंदुस्थानात साधा शिपाई म्हणून आगमन, १३ सप्टेंबर १८०० रोजी लखनऊत मेजर जनरल म्हणून मृत्यू, आणि आत्म्यासाठी प्रार्थनेची विनंती. सगळं खरं आणि सगळं थोडक्यात. पण आयुष्यभराची सोबतीण बुलोन लीज त्या मजकुरात कुठेच नाही. तिची कबर त्याच आवारात, पण वेगळी आणि मुस्लिम पद्धतीची. नुसता तळघरातला दगड वाचून परतणाऱ्याला मार्टिन एकटा, सडाफटिंग माणूस वाटेल. मृत्युपत्र वाचलं की त्याच्या घरात किती माणसं होती ते कळतं.

३. नाव इथे, माणूस कुठे?

थडगं आणि स्मृतिशिला यांत नवखा शोधक हमखास गोंधळतो. थडग्याखाली माणूस असतो. स्मृतिशिला नुसत्या आठवणीची असते, ती कुठेही लावता येते आणि एकाच माणसाच्या तीन ठिकाणी तीनही असू शकतात. हजरतगंजचं क्राइस्ट चर्च हे १८५७ च्या उठावात मेलेल्या इंग्रजांच्या स्मरणार्थ बांधलेलं. भिंतीवरच्या पाट्यांवर नावं आहेत, पण ती माणसं त्या भिंतीखाली नाहीत.

या चर्चचा आणि सिब्तैनाबाद इमामबाड्याचा एक जुना संबंध आहे. १८५८ मध्ये शहर इंग्रजांच्या हाती पडलं तेव्हा त्यांच्याकडे प्रार्थनेला जागा नव्हती. मग क्राइस्ट चर्च उभं राहीपर्यंत, १८५८ ते १८६०, त्यांची उपासना अमजद अली शाह यांच्या इमामबाड्यात चालली. त्या दोन वर्षांतल्या एखाद्या कुटुंबाच्या कागदावर ‘लखनऊ चर्च’ असं लिहिलेलं सापडलं आणि वारस क्राइस्ट चर्चच्या दारात जाऊन उभे राहिले, तर ते चुकीच्या इमारतीपुढे उभे असतील.

रेसिडेन्सीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १८५७ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, साडेचार महिने, त्या आवारात सुमारे तीन हजार माणसं कोंडलेली होती. त्यात इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो हिंदी शिपाईही होते. गोळागोळी चालू असताना मेलेल्यांना रात्री, बहुतेकदा पेटीविना, एकेका खड्ड्यात काही जण असे पुरलं जाई. आज तिथे दिसणारे नीटस दगड आणि क्रूस हे बरेचसे नंतर नातेवाइकांनी आणि पलटणींनी बसवलेले. म्हणून अमक्या दगडाखाली बरोबर तोच माणूस आहे असं धरून चालता येत नाही. तो या आवारात कुठेतरी आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

अवधचे चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स यांचं थडगं इथेच आहे. २ जुलैला तोफगोळ्याने जखमी झाले, ४ जुलैला वारले. दगडावर काय लिहावं हे त्यांनी मरण्यापूर्वी सांगून ठेवलं होतं : कर्तव्य बजावण्याचा प्रयत्न करणारा माणूस, एवढीच ओळख. पत्नीचा उल्लेख शोधू जाल तर ती इथे नाही. होनोरिया लॉरेन्स १८५४ मध्येच वारल्या आणि अबूच्या पहाडावर त्यांचं दफन झालं. हेन्री यांचा जन्म सिलोनमधला. एका जोडप्याचा माग काढायला तीन गावं लागतात, आणि हे तर नामांकित लोक. तोफखान्यातल्या एखाद्या सार्जंटच्या बायकोबद्दल बोलायलाच नको.

सेनापती हेन्री हॅवलॉक २४ नोव्हेंबर १८५७ ला दिलकुशात अतिसाराने वारला. सैन्य माघार घेत होतं. कबर कोणी उकरू नये म्हणून आलमबागेत पुरल्यावर जमीन सपाट केली आणि खूण म्हणून जवळच्या आंब्याच्या झाडावर त्याच्या नावाचं आद्याक्षर कोरलं. नंतर तिथे स्तंभ उभारला गेला.

४. दगडाचा जोडीदार कागद

दगड झिजतो, फुटतो, चोरीला जातो, कधी कपडे धुण्याच्या घाटावरही पोहोचतो. कंपनी सरकारने आणि पुढे ब्रिटिश सरकारने मात्र एक गोष्ट नेमाने केली : पाद्रीने केलेल्या प्रत्येक बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची नक्कल वर पाठवायची. लखनऊच्या नकला बंगाल इलाख्यातून लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालच्या मालिकेचा क्रमांक एन/१, मद्रासचा एन/२, मुंबईचा एन/३. म्हणजे पुण्याच्या किंवा अहमदनगरच्या छावणीत मेलेल्या गोऱ्या शिपायाला एन/३ मध्ये शोधायचं. यातल्या पुष्कळ नोंदी २०१४ पासून इंटरनेटवरही पाहता येतात.

दफनाच्या नोंदीत दगडापेक्षा वेगळी माहिती असते : मृत्यूची तारीख आणि दफनाची तारीख निरनिराळी, वय, धंदा किंवा पलटण, अनेकदा मृत्यूचं कारण आणि खाली पाद्रीची सही. दगडावर ‘प्रेमळ पती’ असतो, तोच वहीत ‘कॉलऱ्याने मृत्यू, तारखात्यातला कारकून’ असतो. वंशावळ पुढे सरकते ती या दुसऱ्या ओळीमुळे. त्या कारकुनाची नोकरीची नोंद कुठे मिळेल, याचा पत्ता तिच्यात असतो.

तिसरा आधार छापील याद्यांचा. ए. फ्यूरर यांनी १८९६ मध्ये वायव्य प्रांत आणि अवधमधल्या ख्रिस्ती थडग्यांची यादी काढली. पुढे ई. ए. एच. ब्लंट यांची संयुक्त प्रांताची यादी १९११ मध्ये अलाहाबादेत छापली गेली. त्यांनी उतरवून घेतलेले कितीतरी दगड आज वाचता येत नाहीत. तेव्हा मैदानात उतरण्यापूर्वी ही पुस्तकं चाळणं शहाणपणाचं. कानपुरात जन्मलेल्या थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये लंडनमध्ये दक्षिण आशियातल्या युरोपीय कब्रस्तानांसाठी ‘बॅक्सा’ ही संस्था काढली. तिच्या सभासदांनी गावोगावची थडगी नोंदवली. संस्थेच्या नियतकालिकाचं नावही मोठं समर्पक आहे : ‘चौकीदार’.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. लखनऊत ‘लाट कल्लन की लाट’ नावाचं जुनं कब्रस्तान आहे. हा कल्लन कुणी लखनवी पहिलवान नव्हे. १८०७ मध्ये वारलेले इंग्रज रेसिडेंट कर्नल जॉन कॉलिन्स यांचा मनोरा तिथे होता, आणि लोकांच्या तोंडी कॉलिन्सचा कल्लन झाला. शहरातल्या रिक्षावाल्याला ‘कॉलिन्स सिमेट्री’ विचारून काही हाती लागणार नाही. उलट दिशेनेही हेच होतं : उर्दू नाव ऐकून इंग्रज पाद्रीने जे काही लिहिलं, त्याची चार-पाच स्पेलिंगं शोधावी लागतात.

प्रत्यक्ष थडग्यापाशी काय करावं? सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावं. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दगडावर खडू, लिंबू, ॲसिड काहीही लावू नये, फार तर साधं पाणी. एका थडग्याचा फोटो काढून निघू नये, आजूबाजूच्या सगळ्या थडग्यांचे काढावेत आणि त्यांची मांडणी कागदावर उतरवावी. नातेवाईक बहुधा जवळजवळ पुरले जातात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेली बहीण अशीच सापडते.

५. हिजरी साल आणि अक्षरांचा हिशेब

मुस्लिम कबरींवरच्या शिलालेखाला लखनऊत कत्बा म्हणतात. त्यावर साल असतं ते हिजरी. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने नुसते ६२२ मिळवून भागत नाही. कामचलाऊ रीत अशी : हिजरी सालाचे तीन टक्के काढा, ते त्याच सालातून वजा करा आणि मग ६२२ मिळवा. अमजद अली शाह वारले हिजरी १२६३ मध्ये. तीन टक्के झाले सुमारे ३८. १२६३ मधून ३८ गेले, उरले १२२५. त्यात ६२२ मिळवले की १८४७. ते १३ फेब्रुवारी १८४७ रोजीच वारले. या रीतीत एखाद्या वर्षाची चूक पडू शकते, म्हणून महिना लिहिलेला असेल तर पंचांग-कोष्टकाशी ताडून पाहावं.

काही कत्ब्यांवर आकडाच नसतो, असतो एक शेर. साल त्याच्या अक्षरांत दडवलेलं असतं. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला किंमत आहे : अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, आणि असं पुढे हजारापर्यंत. ‘मुहम्मद’ या नावात मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४० आणि दाल ४, म्हणजे बेरीज ९२. त्याच रीतीने शेवटच्या ओळीतली अक्षरं मांडली की मृत्यूचं साल निघतं. याला ‘तारीख काढणं’ म्हणत, आणि चांगली तारीख काढणारा शायर लखनऊत भाव खाऊन असे. उर्दू न येणाऱ्याने फोटो स्वच्छ काढावा आणि जाणकाराला दाखवावा. ओळ शायरीची वाटली म्हणून सोडून देऊ नये.

६. एक घर, पाच कबरी

अवधच्या राजघराण्याच्या दोन पिढ्यांची थडगी नकाशावर मांडली तर काय दिसतं? बाप अमजद अली शाह हजरतगंजात. त्यांच्या बेगम मलिका किश्वर पॅरिसात. मुलगा वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जात. धाकटा मुलगा सिकंदर हशमत आईशेजारी, पुन्हा पॅरिसात. सून बेगम हजरत महल काठमांडूत.

कबरींच्या या विखुरण्यामागे एकच साल आहे : १८५६. त्या वर्षी कंपनीने अवध खालसा केलं. वाजिद अली कलकत्त्याला गेले. त्यांची आई मात्र व्हिक्टोरिया राणीपुढे गाऱ्हाणं मांडायला लंडनला गेली, सोबत धाकटा मुलगा. तिकडे ते दाद मागत असताना इकडे बंड पेटलं, आणि गाऱ्हाण्याला काही अर्थच उरला नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये मलिका किश्वर पॅरिसमध्ये वारल्या. पेर लाशेज या तिथल्या प्रसिद्ध दफनभूमीत त्यांना पुरलं. महिनाभरात लंडनमध्ये सिकंदर हशमतही गेला आणि त्याला आईजवळ नेलं. लखनऊत इंग्रजांशी लढलेल्या हजरत महल नेपाळात गेल्या आणि १८७९ मध्ये तिथेच वारल्या. काठमांडूच्या जामा मशिदीजवळ त्यांची साधी कबर आहे. हजरतगंजातल्या जुन्या व्हिक्टोरिया पार्कला १९६२ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. सासरे त्याच परिसरात पुरलेले, पण सुनेचं तिथे फक्त नाव.

वाजिद अली शाह यांनी मटियाबुर्जात दुसरं लखनऊच वसवलं, आणि तिथल्या इमामबाड्याला नावही तेच दिलं : सिब्तैनाबाद. १८८७ मध्ये त्यांचं तिथे दफन झालं. नावावर विसंबणाऱ्याची इथे चांगलीच फसगत होते. कागदावर नुसतं ‘दफन : सिब्तैनाबाद इमामबाडा’ असेल तर माणूस बापाच्या इमामबाड्यात आहे की मुलाच्या, लखनऊत की कलकत्त्यात, हे तारखेवरूनच ठरतं. १८५६ च्या नंतरची नोंद असेल तर पहिलं तिकीट हावड्याचं काढावं.

७. दरमहा दहा रुपयांची वंशावळ

शाह नजफमध्ये पुरलेले गाजीउद्दीन हैदर हे सरकारला कर्ज देणारे राजे होते. १८२५ मध्ये, पहिल्या ब्रह्मी युद्धाच्या वेळी, त्यांनी कंपनीला एक कोटी रुपये दिले, व्याज शेकडा पाच. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज मात्र कायम द्यायचं. कोणाला? आपल्या बेगमांना, आश्रितांना, त्यांच्या वारसांना आणि आपल्या इमामबाड्याला. अशा करारांतून जे निवृत्तिवेतन सुरू झालं त्याला वसीका म्हणतात, आणि घेणाऱ्याला वसीकेदार. राज्य गेलं, कंपनी गेली, ब्रिटिश गेले. वसीका चालू राहिला. लखनऊच्या हुसैनाबादेत, पिक्चर गॅलरीच्या इमारतीत, वसीका कचेरी आहे.

घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ही कचेरी कब्रस्तानापेक्षा मोलाची, आणि त्यामागे साधं गणित आहे. समजा, एका वसीकेदाराला १२० रुपये मिळतात. तो वारला, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे मुलं असताना बायकोला आठवा हिस्सा : १५ रुपये. उरले १०५. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन्ही मुलांना ४२-४२ आणि मुलीला २१. ही वाटणी करायची तर मृत्यूचा पुरावा हवा, नाती सिद्ध व्हायला हवीत, वहीत नवी नावं चढायला हवीत. प्रत्येक मरणागणिक हे पुन्हा होतं. पाच-सहा पिढ्यांनी कोणाच्या वाट्याला महिन्याला दहा रुपयांहूनही कमी येतात, आणि ते आणायला जाण्यात त्याहून जास्त रिक्षाभाडं जातं. तरी लोक जातात, कारण वहीत नाव आहे तोवर आपण त्या घराण्याचे. शिवाय दगडावर सहसा न येणाऱ्या मुली आणि विधवा या वहीत पैशांच्या निमित्ताने हटकून येतात.

८. ज्यांची कबर नाही

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी शाह नजफच्या शेजारच्या सिकंदरबागेत इंग्रज फौज घुसली आणि आत अडकलेल्या सुमारे दोन हजार हिंदी शिपायांची कत्तल झाली. मेलेल्या इंग्रजांना चर खणून पुरण्यात आलं. शिपाई तसेच पडून राहिले. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये काढलेल्या तिथल्या फोटोत अंगणभर हाडं दिसतात. या दोन हजारांची घरं अवधच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या खेड्यांत होती. त्यांच्या पणतवंडांना कोणत्या दगडापाशी जायचं? बागेत आज पुतळा आहे तो वीरांगना उदादेवी पासी यांचा. बाकीच्यांची नावं कुठल्याही भिंतीवर नाहीत.

या विषमतेची आठवण शहराला आहे. सप्टेंबर २००७ मध्ये दीडशेव्या स्मृतिवर्षानिमित्त ब्रिटिश पर्यटकांचा एक गट लखनऊला आला. त्यात हॅवलॉकचे खापरपणतू सर मार्क हॅवलॉक-ॲलन होते, आणि मार्गदर्शक होत्या लखनऊच्या इतिहासकार रोझी लेवेलिन-जोन्स. शहरात जोरदार निदर्शनं झाली आणि गटाला कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. खापरपणजोबांच्या थडग्याला भेट देण्यात वावगं काहीच नाही. पण तो खापरपणजोबा शहर जिंकायला आला होता, हे शहरातले लोक कसे विसरतील?

कबर नाहीशी होण्याची इतर कारणं इतकी रक्तरंजित नसतात. मुस्लिम समाजात कच्ची, मातीची कबर हीच अनेकांना योग्य वाटते, आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाते. मीर तकी मीर १८१० मध्ये लखनऊत वारले. एवढा मोठा शायर, पण कबर आज दाखवता येत नाही; त्या कब्रस्तानाच्या जागेवरून रेल्वे गेली असं मानतात. गायिका बेगम अख्तर यांच्या बाबतीतही तेच होण्याची वेळ आली होती. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्या अहमदाबादेत गेल्या, दफन झालं लखनऊच्या पसंदबागेत, आई मुश्तरीच्या कबरीशेजारी. आजूबाजूला घरं दाटली, कबर दुर्लक्षित राहिली, आणि २०१२ मध्ये शिष्य-चाहत्यांच्या प्रयत्नाने तिचा जीर्णोद्धार झाला. तिथे शेजारची दुसरी कबर पाहायला विसरू नये. बेगम अख्तर यांच्या घराण्याची कथा आईकडून चालते, आणि दोन कबरी शेजारी असणं हे त्या कथेचं दगडी प्रमाणपत्र आहे.

९. बनावट वंश

१९७० च्या दशकात विलायत महल नावाची एक बाई मुलगा, मुलगी, नोकरचाकर आणि कुत्र्यांसह नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षागृहात येऊन बसली. आपण अवधच्या राजघराण्यातल्या, वाजिद अली शाह यांच्या वंशज, आमची मालमत्ता परत करा, ही तिची मागणी. परदेशी वार्ताहरांनी कथा डोक्यावर घेतली. १९८५ च्या सुमारास सरकारने तिला दिल्लीच्या जंगलातला पडका मालचा महल दिला. १९९३ मध्ये ती गेली. तिचा देह दहन केल्याचं मुलं सांगत. शेवटी उरलेला मुलगा २०१७ मध्ये त्याच महालात मेला.

लखनऊ-कलकत्त्याचे वाजिद अलींचे वंशज पहिल्यापासून हा दावा नाकारत होते, पण त्यांचं कोण ऐकतो? अखेर न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहर एलेन बॅरी यांनी तपास केला आणि तो नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या मागे राहिलेल्या कागदांत इंग्लंडहून पैसे येत असल्याच्या पावत्या होत्या. त्यांच्या मागावर जाता एक नातेवाईक भेटला, आणि उलगडलं ते असं : विलायत या लखनऊ विद्यापीठाचे एके काळचे रजिस्ट्रार इनायतुल्ला बट यांच्या पत्नी. राजघराण्याशी संबंध नाही. चाळीस वर्षं चाललेली दंतकथा पैशांच्या पावत्यांनी संपवली.

१०. दहन करणाऱ्या घरांचं काय?

मराठी वाचक इथे विचारणारच : आमच्याकडे थडगी कुठे? राख गोदावरीत, मग शोधायचं काय?

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात पुरणारे समाज थोडे नाहीत. लिंगायत, गोसावी, नाथपंथी आपापल्या दफनभूमीत समाधी देतात. वसईच्या ख्रिस्ती घरांच्या नोंदी त्यांच्या चर्चच्या वह्यांत आहेत. अलिबाग आणि मुंबईकडच्या बेने इस्रायली कब्रस्तानांत हिब्रूच्या जोडीला देवनागरी मराठीत कोरलेले दगड भेटतात, आणि रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं थेट मूळ गावाकडे बोट दाखवतात.

दहन करणाऱ्यांसाठी थडग्याची जागा तीर्थोपाध्यायाची वही घेते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार : अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलेला माणूस तिथे आपलं गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे लिहून सही करत आला आहे. वही गाव आणि कुळाप्रमाणे लावलेली असते, म्हणून जाताना मूळ गावाचं नाव पक्कं हवं. आजचा पुण्याचा पत्ता सांगून उपाध्याय काही शोधू शकणार नाही. हरिद्वारच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने केलेलं आहे. मराठी घरांनी काढलेले कुलवृत्तांतही पुष्कळ अंशी या वह्यांवर उभे आहेत, आणि त्यांचा दोषही तोच : त्यांत मुली क्वचित दिसतात.

मराठी इतिहासातलं एक घराणं मात्र थडग्यांवरून लावता येतं, आणि ते शेवटी याच १८५७ च्या धुमाळीत येऊन मिळतं. मस्तानीची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. तिचा आणि थोरल्या बाजीरावांचा मुलगा समशेर बहादूर पानिपतात जखमी होऊन १७६१ मध्ये भरतपूर राज्यात वारला. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात उतरला आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात मेला. त्याच्या वंशजांनी बांद्याची नवाबी केली. १८५७ मध्ये नवाब अली बहादूर दुसरे इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. बांदा खालसा झालं, नवाबांना इंदुरास पाठवून वर्षाला ३६,००० रुपयांची नेमणूक बांधून दिली. नेमणूक आली म्हणजे वारसांच्या याद्या आल्या, दाखले आले, अर्ज आले. मस्तानीच्या पुढच्या पिढ्यांच्या शोधात पाबळच्या कबरीनंतर पाहायचे ते हे कागद, आणि त्याआधीच्या पिढ्यांसाठी पुण्यातल्या पेशवे दप्तराचे मोडी रुमाल.